टीडीएस कापलाय, आयटीआर भरू का? वाकडच्या डिलिव्हरीवाल्या दादाचं पत्र

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतेय (टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, आयटीआर म्हणजे आयकराचा रिटर्न, सीओडी म्हणजे गिऱ्हाइकाने दारात दिलेली कॅश):

"ताई, मी वाकडला राहतो, वय २९. चाकणची कंत्राटी नोकरी सुटली तेव्हापासून बाईकवर फूड डिलिव्हरी करतोय, दोन ॲपवर, एक मेन आणि दुसरं ऑर्डर कमी असतील तेव्हा. २०२५-२६ मध्ये मेन ॲपचे ३,१२,४०० झाले, त्यातून ३,१२४ टीडीएस कापला असा मेसेज आला. दुसऱ्याचे ८६,५०० झाले, त्यांनी काही कापलं नाही आणि सर्टिफिकेट मागितलं तर सपोर्टवर कोणी धड उत्तर देत नाही. मागच्या वर्षीही चौदाशे कापले होते, तेव्हा काही भरलं नव्हतं. सायबरवाला म्हणतो १,५०० दे, आयटीआर-१ भरून रिफंड काढून देतो, आणि बँकेत साडेसात लाख जमा दिसतायत म्हणून तेवढा टर्नओव्हर दाखवावा लागेल. पण ताई ते माझे पैसे नाहीत, सीओडीची कॅश मी मशीनमध्ये भरतो आणि कंपनीला पाठवतो. मित्र म्हणतात सहा टक्के दाखव आणि मोकळा हो. पेट्रोलच महिन्याला साडेपाच हजारांचं जातं, ते वजा होतं का? मला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, फायनान्सवाला दोन वर्षांचे आयटीआर मागतोय. आणि बायकोला लाडकी बहीणचे पैसे येतात, गावी वडिलांना पीएम किसानचे, मी आयटीआर भरला तर सगळं बंद होईल म्हणून घरात रोज वाद. काय करू?"

अरे, आधी एक टेन्शन काढून टाक. तुला टॅक्स लागत नाही, कसाही हिशोब केला तरी लागत नाही. २०२५-२६ च्या कमाईला नवीन रेजीममध्ये (टॅक्सच्या नव्या पद्धतीत) ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, आणि त्याच्या वरही १२ लाखांपर्यंत ८७ए कलमाची सूट मिळून टॅक्स शून्यावर येतो. तुझे दोन्ही ॲपचे मिळून होतात ३,९८,९०० आणि तेही खर्च वजा न करता. त्यामुळे प्रश्न टॅक्स किती भरायचा हा नाहीच, प्रश्न आहे कागदावर काय लिहायचं, कारण तोच कागद उद्या फायनान्सवाला बघणार, परवा कुणी तिसराच बघणार.

भरणं कंपल्सरी आहे का? नाही. टर्नओव्हर नव्हे, उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तर कंपल्सरी होतं, किंवा वर्षाचा टीडीएस २५ हजार किंवा जास्त झाला, लाइट बिल वर्षाला लाखाच्या वर गेलं, परदेशवारीवर दोन लाखांहून जास्त खर्च केला असल्या काही अटी आहेत, त्यातलं तुला काही लागू नाही. पण न भरता ३,१२४ परत मिळायचे नाहीत, आणि लोनसाठी तुला आयटीआर हवाच आहे. म्हणून भर.

आता आयटीआर-१. सायबरवाल्याला हात जोड आणि नको म्हण. आयटीआर-१ पगारवाल्यांचा, पेन्शनवाल्यांचा. कंपनी तुला पगार देत नाही, तुझा पीएफ नाही, फॉर्म १६ नाही, ॲपमध्ये तुला पार्टनर म्हणतात ते काही प्रेमाने नाही, त्याचा अर्थच हा की त्यांच्या हिशोबात तू स्वतंत्र कंत्राटदार आहेस आणि तुझं उत्पन्न धंद्याचं. धंद्याचं उत्पन्न आयटीआर-१ मध्ये बसत नाही. बरेच जण ते 'इतर उत्पन्न' म्हणून ढकलून देतात आणि मग डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येते, १५ दिवसांत दुरुस्त करा म्हणून, तोवर सायबरवाल्याचा फोन लागत नाही. तुझा फॉर्म आयटीआर-४, सुगम. पोर्टलवर फुकट भरता येतो.

टीडीएसचं बघू. मेन ॲपने १ टक्का कापलाय, बहुतेक १९४सी कलमाखाली, म्हणजे कंत्राटदाराला पैसे देताना कापतात ते. नियम असा की एका वेळचं पेमेंट ३० हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कापायचा. दुसऱ्या ॲपचे तुझे ८६,५०० झाले, लाखाच्या आत, आठवड्याच्या पेमेंटमध्ये ३० हजार कधी येत नाहीत, म्हणून त्यांनी काही कापलं नाही आणि म्हणूनच सर्टिफिकेटही नाही. त्यांनी काही लपवलेलं नाही. पण कापलं नाही म्हणजे ते उत्पन्न नाही असं होत नाही बरं का, ते ८६,५०० तुला धरायचेच आहेत. कागद म्हणून ॲपमधली आठवड्याची पेआउट स्टेटमेंट आत्ताच डाउनलोड करून ठेव. आयडी बंद झाला की तुझ्या हातात काही उरत नाही.

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून २६एएस उघड. तिथं कंपनीचं नाव, त्यांनी तुला किती दिले, किती कापले आणि कुठल्या कलमाखाली कापले ते दिसेल. कलम नीट बघ. १९४सी असेल तर मी पुढं सांगतेय ते सगळं जसंच्या तसं लागू. १९४एच असेल तर कंपनीने ते कमिशन धरलंय, आणि कमिशनवाल्याला सुगमची सोपी पद्धत वापरता येत नाही, मग सीएला दाखवावं लागेल. एआयएस, म्हणजे तुझ्या पॅनवरच्या व्यवहारांची यादी, तीही बघून घे, त्यात बँकेचं व्याज वगैरे पण येतं. सेव्हिंगवर शे-दोनशे व्याज आलं असेल तर तेही टाकायचं. जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि १६ए, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, द्यायला त्यानंतर १५ दिवस, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये घाई करणाऱ्यांचा टीडीएस अर्धाच दिसतो. जूनच्या मध्यानंतर भर. आणि पॅन-आधार लिंक आहे ना ते एकदा बघ, पॅन इनऑपरेटिव्ह असला तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कापतात आणि रिफंडही अडकतो.

सीओडीवर तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि सायबरवाल्याचं साफ चूक. गिऱ्हाइकाने दारात दिलेली कॅश ही हॉटेलची आणि कंपनीची, तू फक्त हातातून हातात पोचवतोस. तुझा टर्नओव्हर म्हणजे तुला ऑर्डरमागे मिळालेले पैसे, इन्सेंटिव्ह, पावसाचे जादा पैसे, रेफरल बोनस, ॲपमधून आलेली टिप, आणि हे सगळं टीडीएस कापायच्या आधीचं. म्हणजे ३,०९,२७६ नाही, ३,१२,४०० धरायचे. बऱ्याच जणांचं इथं चुकतं, ते बँकेत आलेला आकडा टाकतात, तो २६एएसपेक्षा कमी भरतो आणि सिस्टीम लगेच पकडते. कधी कधी कंपनी तुझ्याकडची कॅश पेआउटमधूनच वळती करते, मग बँकेत अजूनच कमी आलेले दिसतात, पण कमाई पूर्णच धरायची. मात्र साडेसात लाख दिसतायत त्याला पुरावा पाहिजे, म्हणून कंपनीला कॅश भरल्याच्या यूपीआयच्या नोंदी ठेव. सेव्हिंग खात्यात वर्षात १० लाख किंवा जास्त रोख भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते, तुझं तेवढं नाही, पण तू जोरात चालवायला लागलास तर पोचायला वेळ लागणार नाही. जमलं तर सीओडीसाठी झीरो बॅलन्सचं वेगळं खातं काढ, पुढच्या वर्षी डोक्याला ताप नको.

आता सहा टक्क्यांचं. तुझे मित्र सांगतात ते खोटं नाही, अर्धं आहे. ४४एडी नावाचं कलम आहे, छोट्या धंदेवाल्याने वह्या लिहायच्या नाहीत, बँकेतून आलेल्या पैशांवर किमान ६ टक्के आणि रोख आलेल्यावर किमान ८ टक्के नफा दाखवायचा आणि सुटायचं. 'किमान' हा शब्द मित्र गाळतात. त्याहून जास्त दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, फॉर्ममधला रकाना तुला ६ टक्क्यांवर अडवून ठेवत नाही.

तुझे ६ टक्के म्हणजे २३,९३४. वर्षाचे. महिन्याला दोन हजार सुद्धा नाही. वाकडला दोन हजारांत खोलीचं लाइट बिल आणि सिलेंडर भागेल फार तर, आणि हा कागद घेऊन तू फायनान्सवाल्याकडं जाणार आणि म्हणणार महिन्याला चार हजारांचा हप्ता झेपेल मला? तो आधी कागद बघेल मग तुझं तोंड बघेल.

म्हणून माझं मत, खरं जे उरलं ते दाखव. हिशोब तुझाच मांडते. पेट्रोल साडेपाच हजार महिना म्हणजे ६६ हजार. ऑइल, सर्व्हिसिंग, ब्रेक शू, एखादा टायर, पुण्यातले खड्डे बघता वर्षाला १४ हजार तरी धर. मोबाइलचं रिचार्ज, इन्शुरन्स, रेनकोट, बॅग मिळून आठ-नऊ हजार. झाले ८९ हजारांच्या घरात. बाईक झिजते त्याचे वेगळे. म्हणजे हातात राहिले तीन लाखांच्या आसपास. तर आयटीआर-४ मध्ये नफा म्हणून तीन लाख टाक. टॅक्स? तरीही शून्य. २३,९३४ दाखवून शून्य आणि तीन लाख दाखवूनही शून्यच, मग कमी दाखवून मिळवलंस काय?

हो, आणि पेट्रोल वजा होतं का विचारलंस त्याचं उत्तर यातच आहे. ४४एडी मध्ये खर्च वेगळा लिहायला रकानाच नाही, नफ्याचा आकडा ठरवतानाच तो गेलेला असतो. खर्चाचा एकेक आकडा दाखवून वजा करायचा असेल तर आयटीआर-३ आणि वर्षभराच्या वह्या-बिलं, आणि तुझ्या आकड्यांना ती उठाठेव कशाला. तिथंही सगळं वजा होत नाही. हप्त्यातलं फक्त व्याज जातं, मुद्दल नाही, बाईकची झीज वर्षाला १५ टक्क्यांनी धरतात, आणि नो एंट्रीत घुसून, सिग्नल तोडून जे ई-चलान आले त्यातला एक रुपया सुद्धा वजा होत नाही, कायदा मोडल्याचा दंड हा धंद्याचा खर्च नाही. ऑर्डर उशीर होत होती म्हणून घुसलो, हे कारण आयकरवाल्यांना पण चालत नाही. तरी पेट्रोलचे पैसे यूपीआयनेच देत जा, म्हणजे उद्या कुणी तीन लाख कुठून आणलेस विचारलं तर दाखवायला हिशोब आहे.

फॉर्म भरताना पोरं कुठं अडकतात ते सांगते. एक, रेजीम. नवीन आपोआप असतं, जुन्यात जायचं असेल तरच १०-आयईए नावाचा फॉर्म भरायचा, तू त्या वाटेला जाऊ नकोस. दोन, धंद्याचा प्रकार, ट्रान्सपोर्ट आणि लॉजिस्टिक्सच्या गटातला तुझ्या कामाला जवळचा कोड निवड, नावाच्या जागी स्वतःचं नाव चालतं, जीएसटी नंबर रिकामा सोड, २० लाखांच्या आत तुला तो लागत नाही. तीन, टर्नओव्हरचे वेगवेगळे रकाने असतात, बँकेतून आलेले वेगळे आणि रोख आलेले वेगळे. तुझे सगळे बँकेतून आलेत, ३,९८,९०० पहिल्या रकान्यात.

चौथं मजेशीर आहे. फॉर्म तुला दुकानदार समजून विचारतो, ३१ मार्चला तुमच्याकडं माल किती होता, तुम्ही किती लोकांचं देणं लागता, तुमचं किती येणं आहे, गल्ल्यात किती. पोरं इथं घाबरून लॅपटॉप बंद करतात. माल शून्य, थर्मल बॅगेतली बिर्याणी तुझी नसते. देणं असेल तर गॅरेजवाल्याची उधारी, नाहीतर शून्य. येणं म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्याचं पेआउट जे एप्रिलमध्ये खात्यात आलं, ते टाक, आणि ते ३,९८,९०० मध्ये धरलंयस का ते पण तिथंच ताडून बघ, २६एएसमध्ये कंपनीने ते मार्चमध्ये दाखवलं असेल तर तूही मार्चमध्येच धर. गल्ला म्हणजे त्या दिवशी घरात-खिशात जी रोकड होती ती, अंदाजे चालेल, पण स्वतःची, सीओडीची नाही.

आणि टीडीएसचं पान. ३,१२४ आपोआप आलेले असतात म्हणून लोक पुढं जातात, पण त्या ओळीत हे कुठल्या प्रकारचं उत्पन्न आणि किती रकमेवर कापलं हे पण विचारतात, तिथं धंद्याचं उत्पन्न निवडून ३,१२,४०० यायला पाहिजेत. हे कोरं राहिलं की रिफंड कमी येतो नाहीतर अडकतो. रिफंडचं बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं असू दे, खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, आडनाव आधी का नंतर असल्या भानगडीवरून पण रखडतं. सबमिट झाल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय कर. ते नाही केलं तर भरलेला रिटर्न भरलाच नाही असं धरतात.

आता घरातला वाद. इथं मी गोड बोलणार नाहीये.

वडिलांचं सोपं आहे. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. तू २९ चा घोडा, त्यात मोडत नाहीस. शिवाय ज्यांनी मागच्या वर्षी टॅक्स *भरला* त्यांना ते वगळतात, नुसता रिटर्न भरला म्हणून नाही. वडिलांचे सहा हजार तुझ्या आयटीआरने बंद होत नाहीत, त्यांना आजच फोन करून सांग.

लाडकी बहीणचं तसं नाही. तिथल्या अटींपैकी दोन तुझ्याशी संबंधित आहेत, घरात कुणी आयकर भरणारा नको, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पहिलीत तू अडकत नाहीस, तुझा टॅक्स शून्य. दुसरीत अडकतोस, आणि ते आयटीआर भरल्यामुळे नाही, तीन लाख कमावल्यामुळे. भरलास नाहीस तरी कंपनीने तुझ्या पॅनवर ३,१२,४०० कधीच कळवून टाकलेत, आणि योजनेच्या ई-केवायसीला नवऱ्याचा आधार पण घेतलाय. तेव्हा आयटीआर लपवून पंधराशे वाचतील हा हिशोब कच्चा आहे. अर्ज केला तेव्हा तू कंत्राटी नोकरीत असशील, घरात येत पण कमी असेल, तेव्हा बरोबर असेल तो अर्ज. आता परिस्थिती बदललीय हे बायकोशी बसून बोल. केशरी कार्डवर उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत म्हणून अट गेली असं होत नाही.

आणि इथंच कुणीतरी हमखास सांगणार, मग सहा टक्केच दाखव की, तेवीस हजार उत्पन्न, अडीच लाखांच्या आत. म्हणजे सरकारला सांगायचं मी महिन्याला दोन हजार कमावतो आणि फायनान्सवाल्याला सांगायचं पंचवीस हजार. दोन्ही कागदांवर सही तुझी आणि पॅन एकच. मला विचारशील तर महिन्याच्या पंधराशेसाठी स्वतःची कमाई कागदावर मारून टाकणं परवडत नाही, पुढं घराचं लोन आहे, पोरांच्या शाळेचे फॉर्म आहेत, प्रत्येक ठिकाणी हेच आकडे काढतात. पण घर तुमचं, वर्षाचे अठरा हजार तुमच्यासाठी किती मोठे आहेत ते मी इथून नाही सांगू शकत, ते तुम्ही दोघांनी ठरवा, फक्त आकडा खरा ठेवून ठरवा.

मागच्या वर्षीचे चौदाशे. २०२४-२५ चा उशिराचा रिटर्न भरायची मुदत डिसेंबर २०२५ ला संपली. अपडेटेड रिटर्न नावाचं एक असतं, चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण त्यात रिफंड मागता येत नाही, तुझ्या कामाचं नाही. एक वाट उरते, विलंब माफ करा असा अर्ज पोर्टलवरून करता येतो, रिफंड राहिलेल्यांसाठीच ती सोय आहे, आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत. नुसत्या चौदाशेसाठी मी म्हटलं असतं सोड, पण तुला दोन वर्षांचे आयटीआर हवेत, आणि अर्ज मंजूर झाला तर त्या वर्षीचा रिटर्न भरता येतो, म्हणून करून बघ. उशीर का झाला त्याचं कारण साध्या भाषेत लिही, नोकरी सुटली, धंद्याचं उत्पन्न असतं हे माहीत नव्हतं, जे असेल ते. वेळ लागतो आणि मंजूर करायचं का ते अधिकाऱ्याच्या हातात. मागच्या तारखेचा आयटीआर काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघ, असं काही नसतं, तो फोटोशॉप असतो.

तसंच रिफंडवर टक्केवारी मागणारे. थोडंफार व्याज सोडलं तर तुझा रिफंड ३,१२४ च्या वर जाऊ शकत नाही, कारण कापलेच तेवढे. कुणी दहा हजार काढून देतो म्हणाला तर तो तुझ्या नावाने खोटं काहीतरी टाकणार. २०२५ च्या जुलैमध्ये आयकर खात्याने असल्या खोट्या वजावटी टाकून रिफंड काढणाऱ्या टोळ्यांवर देशभर कारवाई केली, आणि असल्या प्रकरणात नोटीस आधी ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याला येते. १,५०० देऊन सीए किंवा टॅक्सवाल्याकडून आयटीआर-४ भरून घेतलास तर माझी हरकत नाही, काम तेवढं आहे, पण लॉगिनचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर तुझाच राहू दे, त्याचा टाकू देऊ नकोस.

तुझ्यासारखं विचारणारे अजून दोघं-तिघं आहेत जे भाऊ-मेहुण्याच्या आयडीवर चालवतात. त्यांच्यासाठी एवढंच, पैसे ज्याच्या पॅनवर त्याच्या नावाने ते उत्पन्न दिसतं, टीडीएसही त्याच्याच नावाने, तुम्हाला मागता येत नाही आणि लोनसाठी दाखवताही येत नाही. कंपनीला कळलं तर आयडी जातो ते वेगळंच. स्वतःच्या नावाचा आयडी काढा.

तारखेचं म्हणशील तर ३१ जुलै डोक्यात धरून चाल. पोर्टलवर तुझ्या फॉर्मला त्यापुढची मुदत दिसली तर दिसू दे, तू वाट बघू नकोस, शेवटच्या दोन-तीन दिवसांत ओटीपी सुद्धा येत नाही. तुझं उत्पन्न ४ लाखांच्या आत असल्याने लेट फी लागणार नाही, पण रिफंड हवा असेल तर काहीही झालं तरी डिसेंबर अखेरच्या आत. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, रीलवर कुणी १९४सी, ४४एडी सगळं रद्द झालं म्हणून ओरडत असेल तर लक्ष देऊ नकोस. तू भरतोयस ते २०२५-२६ चं, त्याला जुनाच कायदा. या वर्षीच्या कमाईला कलमांचे नंबर बदलतील ते पुढच्या वर्षी बघू.

फायनान्सवाल्याकडं जाताना नुसती आयटीआरची पावती नेऊ नकोस. पावतीसोबत अख्खा भरलेला फॉर्म, उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, २६एएस, दोन्ही ॲपची बारा महिन्यांची पेआउट स्टेटमेंट आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट ने. स्टेटमेंटवर सीओडीच्या एंट्रींना पेन्सिलने खुणा करून ने, म्हणजे साडेसात लाखांचं काय हे त्याने विचारायच्या आधी तूच सांगशील. दुसऱ्या वर्षाचा आयटीआर नाही म्हणून एकाने परत पाठवलं तर दुसरीकडं विचार, सगळ्यांचे नियम एकसारखे नसतात, आणि डाउन पेमेंट थोडं वाढवायची तयारी असली तर एका वर्षाच्या आयटीआरवर पण बोलणी होतात. बॅटरी भाड्याची का विकतची, वॉरंटी किती, ते मात्र सही करायच्या आधी लिहून घे.